माघातलं पन्हं

पिंपरणीच्या एसटी स्टँडवर वामनअण्णा सोवनी रोज सकाळी दहाला जाऊन बसत. त्यांना कुठं जायचं नसे आणि त्यांच्याकडे कुणी यायचं नसे. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पांढरा लेंगा, काळी टोपी, मांडीवर आडवी छत्री, असा बाकाच्या टोकाला बसे आणि कुणाचा तरी फोन वाजायची वाट बघे.

फार वेळ थांबावं लागत नसे. कंडक्टरचा, कॉलेजातल्या मुलींचा, केळीवाल्याचा, कुणाचा ना कुणाचा वाजेच. आणि वाजला की त्यातून कमलिनीबाई बोलत, “अहो, काय हे उकडतंय!”

एवढंच. चार शब्द. आधी लहानसा उसासा, मग ‘अहो’वर जराशी ओढ, आणि शेवटच्या शब्दाला गळ्यात अडकलेलं हसू. त्या वर्षी अर्ध्या महाराष्ट्राच्या फोनांवर हीच घंटा होती. मोर्चांच्या फलकांवर हेच शब्द होते, वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांत मंत्री घाम पुशीत हेच म्हणत होते. कमलिनीबाईंना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, आणि पिंपरणीच्या स्टँडवर त्या दिवसातून चाळीस वेळा नवऱ्याला हाक मारीत होत्या. ‘अहो’ म्हणजे दुसरं कोण असणार? दर वेळी अण्णांच्या तोंडून, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, निघून जाई, “आलो गं.”

बारा वाजता ते उठून घरी जात आणि आमटीभात खाऊन निजत. झोप मात्र लागत नसे. कारण त्या चार शब्दांच्या पाठीमागे जे होतं, ते जगात फक्त अण्णांना ठाऊक होतं.

हे घडलं कसं, ते सांगायचं तर गणपतीच्या देवळापासून सुरुवात करायला हवी.

पिंपरणीचं देऊळ काही फार मोठं नाही, पण त्याचा सभामंडप नामी. काळ्या घडीव दगडाचा, तिन्ही बाजूंनी बंद, आवाज झेलून धरणारा. कमलिनीबाई कीर्तनकार आणि अण्णा त्यांच्या पेटीला. मूलबाळ नव्हतं. संसार म्हणजे दोन पिशव्या, एक पेटी आणि झांजांची जोडी. बाहेरगावची कीर्तनं होत, पण माघी उत्सवातलं दिवेलागणीचं कीर्तन बाईंनी सत्तावीस वर्षं आपल्या गावात केलं, एकदाही चुकवलं नाही. पूर्वरंगात त्या इतक्या सोप्या बोलत की आंधळी म्हातारीसुद्धा मान डोलवायची, आणि उत्तररंगात आख्यान लागलं की बाहेर चपला राखायला बसलेला माणूस चपला सोडून आत यायचा. नारदाच्या गादीवर उभं राहिल्यावर तोंडातून खोटं अक्षर जाता कामा नये, हा त्यांचा नेम. एरवी मात्र जीभ तिखट. ट्रस्टींनी दोनदा मंडपाच्या भिंतींना चकचकीत टाइल्स लावायचं ठरवलं, दोनदा बाईंनी मोडता घातला. म्हणाल्या, “न्हाणीघरात कीर्तन करायचं असेल तर दुसरी बाई बघा.”

अण्णा प्रत्येक कीर्तन टेप करत. दोनशे अकरा कॅसेटी लोखंडी ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. प्रत्येकीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात तिथी, शक, आख्यान. टेप बाईंच्या मागोमाग बिघडला, तेव्हापासून त्या वाजल्याच नव्हत्या.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला डॉ. शर्वाणी लोखंडे नावाची मुलगी त्या ट्रंकेचा माग काढत आली. मुलगी म्हणजे चौतीस-पस्तीसची असेल, पण अण्णांच्या हिशेबी मुलगीच. ओट्यावर बसून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, “अण्णा, पेटीत सूर कोण देतं?”

“पितळेची जीभ.”

“ती थंडीत उतरते? उन्हाळ्यात चढते?”

“पेटीची जीभ? छे! म्हणून तर कीर्तनाला पेटी. तंबोरा रुसतो, पेटी नाही रुसत.”

“आणि मंडप?”

अण्णांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. हा प्रश्न आजवर त्यांना एकाच बाईनं विचारला होता. “मंडप चढतो,” ते म्हणाले. “चैत्र-वैशाखात मंडपाचा घुमारा पेटीच्या किंचित वर जातो. लोकांना नाही कळत. आमच्या हिला कळायचं. म्हणायची, आज मंडप तापलाय, मी जरा खालून लावते.”

शर्वाणीनं टाळीच वाजवली. “अण्णा, माझं सगळं यंत्र तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत!”

ते यंत्र म्हणजे घुमारमापक. कल्पना अशी, की आवाज हवेतून धावतो आणि हवा जितकी तापलेली, तितका तो जोरात धावतो. एक अंश चढला की सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटरनं अधिक. दगडी मंडपात आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. भिंतींमधलं अंतर कायम, तेव्हा त्याची धाव वाढली की मंडपाचा स्वतःचा घुमारा वरच्या पट्टीत सरकतो. जुन्या कॅसेटीत तो घुमारा दबलेला असतो, झांजेच्या मागं, टाळीच्या मागं. अडचण एकच, की कॅसेट कधी हळू चालते, कधी भरभर, आणि सगळेच सूर हलवून टाकते. इथं पेटी कामाला येते. पेटीची जीभ न हलणारी. म्हणून त्याच कॅसेटीतला पेटीचा सूर घ्यायचा, त्याच्या तुलनेत मंडपाचा घुमारा कुठं आहे ते बघायचं, आणि त्यावरून कीर्तनाच्या वेळी हवा किती तापलेली होती ते काढायचं. पेटी तीच हवी, मंडप तोच हवा. पिंपरणीत दोन्ही होतं.

“पण हे कशाला हवंय तुला?” अण्णांनी विचारलं.

तेव्हा राज्यात दुपारबंदीचा कायदा गाजत होता. उन्हाळ्यात बारा ते चार उघड्यावरचं काम बंद, मजुरी मात्र पूर्ण. विरोध करणारे विचारीत, हवा खरंच तापलीय हे कशावरून? जुने आकडे कुणी घेतले? तालुक्याचा तापमापक पूर्वी शेतात होता, आता त्याच्या कुशीला डांबरी रस्ता आहे, मग तो रस्ता मोजतो की हवा? शर्वाणीला ही शंका रास्त वाटे. शंकेला शिव्या देऊन ती जात नाही, तिला उत्तर द्यावं लागतं, असं ती म्हणे. देवळाच्या मंडपाशेजारून रस्ता गेला नव्हता, आणि कीर्तन टेप करणाऱ्याच्या मनात तापमान नव्हतंच. म्हणजे कुणाच्याही बाजूनं न बोलणारा साक्षीदार. असे साक्षीदार गावोगावच्या ट्रंकांत झोपलेले होते.

“लेबलं तुमच्याच हातची ना?” जाताना तिनं विचारलं.

“माझ्याच.”

“तारखा बरोबर?”

“अगं, एकूण एक!”

हे अण्णा खोटं बोलले नाहीत. त्या क्षणी त्यांना आठवलंच नाही.

आठवलं ते संक्रांतीनंतर, शर्वाणी निकाल घेऊन आली तेव्हा. माघी उत्सवाच्या सत्तावीस संध्याकाळी तिनं एका रेषेवर मांडल्या होत्या. बहुतेक बावीस-चोवीस अंशांच्या आसपास, हळूहळू वर सरकणाऱ्या. आणि एक ठिपका सगळ्यांच्या वर, एकटा, माडासारखा उभा.

“शके एकोणीसशे चोवीस,” शर्वाणी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “माघ शुद्ध चतुर्थी, दिवेलागण. चौतीस अंश! अण्णा, तालुक्याच्या नोंदवहीत त्या आठवड्याला नुसत्या आडव्या रेघा आहेत, तापमापक फुटला होता म्हणून. ती लाट कुणी मोजलीच नाही. फक्त बाईंनी. आणि हे ऐका, आख्यान संपल्यावर टेप चालूच राहिला होता.”

तिनं बटण दाबलं. ट्रंकेतल्या कॅसेटीची खरखर नाही, घरघर नाही. पाठीमागचा सगळा गाळ काढून स्वच्छ केलेला, काल बोलल्यासारखा आवाज आला. “अहो, काय हे उकडतंय!”

अण्णांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

त्यांना दोन गोष्टी एकदमच कळल्या. ही कॅसेट माघातली नाही. आणि हा आवाज आता आपण हातचा जाऊ देणार नाही.

“काय झालं अण्णा?”

“काही नाही. परत लाव एकदा.”

झालं होतं ते असं. त्या वर्षीच्या माघातलं स्वयंवराचं आख्यान बाईंनी असं रंगवलं, की लोक महिनाभर त्याच्याविषयीच बोलत होते. पुढं फाल्गुनात क्रिकेटचा विश्वचषक आला. गावात भारनियमन, टीव्ही बंद, म्हणून अण्णांचा जीव सेलवरच्या रेडिओत. सामना ऐन रंगात आणि पेटीचा भाता दुरुस्त करायला तालुक्याला जाणं भाग. अण्णांनी हाताला लागली ती कॅसेट घातली, रेडिओ-टेपचं लाल बटण दाबलं आणि निघून गेले. सामना जिंकला. कॅसेट ट्रंकेत गेली.

वैशाखात बाईंची धाकटी बहीण राहायला आली. म्हणाली, ताई, ते स्वयंवर ऐकव ना. बाईंनी मोठ्या झोकात कॅसेट लावली. राजकन्या पत्र लिहायला बसली असेल नसेल, तोच टेपमधून गडी ओरडला, “और ये गेंद सीमारेखा के बाहर!”

बहीण हसून हसून लोळली. बाई हसल्या नाहीत. दोन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत. पोळ्या वाढायच्या, पण ताट जरा आपटून. तिसऱ्या दिवशी, बहीण गेल्यावर, भर दुपारी त्या नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून दारात उभ्या. “पेटी घ्या. आणि ती कॅसेटही घ्या.”

“आत्ता? एवढ्या उन्हात? कोण येणार ऐकायला?”

“उठता का झांजा फेकून मारू?”

रिकाम्या मंडपात बाई गादीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अख्खं कीर्तन केलं. नमनापासून आरतीपर्यंत. समोर गणपती, बाजूला पेटीवर अण्णा, तिसरं माणूस नाही. राजकन्येचं पत्र आलं, तेव्हा बाई श्रोत्यांकडे बघतात तशा समोर बघेनात. अण्णांकडे वळून गायल्या. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यासाठी कधी एक गोड शब्द वापरला नव्हता, त्या दुपारी सगळं पत्र वाचून दाखवलं. अण्णांचे हात पट्ट्यांवर होते आणि डोळ्यांना पट्ट्या दिसत नव्हत्या.

कॅसेट तीच, लेबल तेच. माघ शुद्ध चतुर्थी, शके १९२४. बदलावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. कुणाला दाखवायचं होतं?

शर्वाणीनं निकालाबरोबर ते चार शब्दही जाहीर केले, आणि आता ती दुपार माघातली संध्याकाळ होऊन महाराष्ट्रभर फिरत होती.

अण्णा गप्प राहिले. उद्या सांगू, परवा सांगू. पण उद्या स्टँडवर बाई बोलायच्या आणि परवा बँकेच्या रांगेत. सत्तावीस वर्षं घरात जो आवाज नव्हता, तो आता गावभर होता. खरं सांगितलं की तो जाणार, हे अण्णांना स्पष्ट दिसत होतं. माणूस दुसऱ्यांदा विधुर होत नाही असं कोण म्हणतं?

त्यात मारुती गवंडी. हा बाईंच्या कीर्तनात मागं उभा राहून झांज धरायचा, अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान. मागल्या वैशाखात त्याची बायको हौसा स्लॅबच्या कामावर दुपारी दीड वाजता पाटी घेऊन चढली ती उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मुकादम म्हणाला, तिला आधीपासून काहीतरी होतंच.

होळीच्या दिवशी मारुती पुरणपोळी घेऊन आला आणि पायरीवर बसला. “अण्णा, दुपारबंदीची सुनावणी आपल्याच देवळात ठेवलीय म्हणं. समितीला मंडप बघायचाय.”

“हो, ऐकलंय.”

“मी अर्ज केले, मोर्चात गेलो, कुणी इचारलं न्हाई. वैनी गेल्या त्या गेल्या, पर चार शब्दांत काम केलं बघा.” तो हसला. “आमच्या हौशीला लई आवडायच्या त्या. म्हणायची, वैनी खोटं बोलायच्याच न्हाईत.”

अण्णांनी पोळी तशीच झाकून ठेवली.

सुनावणी चैत्रात झाली. मंडपात खुर्च्या मांडल्या, गादीवरची सतरंजी मात्र तशीच ठेवली. समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या, शांत, जाड चष्म्याच्या. विरोधी बाजूनं ॲडव्होकेट रणदिवे. माणूस वाईट नव्हता. देवळात शिरताना चपला काढून, घंटा वाजवून आला होता. शर्वाणीनं रेषा दाखवली. सत्तावीस वर्षांत माघातली संध्याकाळ सव्वादोन अंशांनी चढली, असं ती रेषा सांगत होती. मग चार शब्द वाजले आणि मागं दाटीनं बसलेले लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या.

रणदिव्यांनी यंत्राविषयी अवाक्षर काढलं नाही. ते वळले ते अण्णांकडे.

“सोवनीकाका, बसूनच बोला. या कॅसेटीवरची तारीख कुणी लिहिली?”

“मी.”

“केव्हा?”

“कीर्तन झालं त्या रात्री.”

“म्हणजे या कॅसेटीत जे आहे, ते याच तारखेचं. असंच ना?”

साधा प्रश्न. ‘हो’ म्हटलं की संपलं. अण्णांनी मारुतीकडे पाहिलं. तो मान पुढं काढून ऐकत होता. शर्वाणी कागद चाळत होती. समोर ती सतरंजी होती. बायको तिच्यावर उभी राहायची आणि आपण बाजूला, पेटीमागं. जन्मभर पेटीमागं. बोलायचं ते तिनं, आपण नुसता सूर धरायचा. आज सूर धरायचा म्हणजे काय करायचं, ते तीही सांगायला नव्हती.

अण्णा उठले. छत्री टेकत टेकत त्या सतरंजीवर जाऊन उभे राहिले.

“काका, तिथं कशाला?” रणदिवे म्हणाले.

“इथनंच बोलावं लागेल मला. तिथं बसून मी ‘हो’ म्हणालो असतो.” अण्णांनी घसा खाकरला. “शर्वाणी, तो टेप पुढं लाव. उकडतंयच्या पुढं.”

“पुढं फक्त अर्धं मिनिट आहे, अण्णा. आम्ही तिथंच तोडला होता.”

“लाव.”

मंडपात बाईंचा आवाज परत आला. “अहो, काय हे उकडतंय!” आणि मग, महाराष्ट्रानं न ऐकलेलं, “चला घरी. सकाळीच कैऱ्या उकडून ठेवल्यात. पन्हं करते तुम्हाला.”

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागच्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, “अगं बाई! माघात कैऱ्या कुठल्या?”

सगळा मंडप हसला. अध्यक्षाबाईही हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. क्रिकेट सांगितलं, आपटलेलं ताट सांगितलं, रिकामा मंडप सांगितला. राजकन्येचं पत्र कुणाकडे बघून गायलं गेलं, तेवढं सांगताना त्यांनी नुसता पेटीच्या जागेकडे हात केला. लोकांनी ते न सांगता ऐकलं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

“तीन महिने मी गप्प बसलो,” अण्णा म्हणाले. “तिचा आवाज ऐकू येत होता म्हणून. दुसरं कारण नाही. तिनं या गादीवरनं कधी खोटं सांगितलं नाही, आणि मी तिच्याच तोंडून ते गावभर वदवलं.”

रणदिवे हळूच म्हणाले, “मग काका, या यंत्रावर आम्ही विश्वास ठेवायचा तरी कसा?”

“यंत्रावर ठेवा की! त्याला वैशाखातली दुपार ऐकवली, त्यानं वैशाखातली दुपार सांगितली. माघ मी सांगितला.”

इतक्यात शर्वाणी उभी राहिली. “मलाही सांगायचंय. त्या टेपमध्ये मागं कोकीळ ओरडत होती. सतत. मी ती गाळून टाकली, घुमारा नीट सापडावा म्हणून. माघात इतकी कोकीळ कशी, असं एकदा मनात आलं होतं. पण चौतीस हा आकडा मला फार आवडला होता, म्हणून त्या चार शब्दांच्या आगंमागं काय आहे तेही मी नीट ऐकलं नाही.” ती थांबली. “ज्यांना आकडे आवडत नाहीत ते शंका घेतात. मला आवडला म्हणून मी घेतली नाही. चूक माझीही आहे.”

सुनावणी तिथं थांबली. लोक पांगले. मारुती मात्र जागचा हलला नाही. अण्णा त्याच्यापाशी गेले. “मारुती, माझ्यामुळं तुझं—”

“बसा आधी.” मारुतीनं त्यांना खांबाला टेकवून बसवलं. मग म्हणाला, “राग आला मला. खोटं कशाला सांगू? वाटलं, म्हातारा गप बसला असता तर काय बिघडलं असतं?” त्यानं टोपी काढून झटकली. “मग वाटलं, मुकादमबी असाच गप बसला हुता. हौशी किती वाजता पडली ते त्यानं कागदावर सकाळचं धा लिवलं. तवा त्याचा खोटा टाइम मला चालला न्हाई. मग माझ्या बाजूचा खोटा महिना कसा चालंल?”

पुढं काय व्हायचं ते झालं. ती कॅसेट माघाच्या रेषेतून काढली, तेव्हा सव्वादोन अंशांचा चढ एक अंशाच्या जरासा खालीच आला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, ‘उकडलेला पुरावा’. टीव्हीवर एक जण म्हणाला, सव्वादोनाचा एक झाला, उद्या शून्य होईल. रणदिवे मात्र त्याच कार्यक्रमात म्हणाले, की उरलेला एक मला मान्य करावा लागेल, कारण तो अशा माणसाच्या हातचा आहे ज्यानं स्वतःचा सव्वा कापून दिला. समितीनं तो एकच अंश लिहिला आणि पुढच्या सुनावण्या लावल्या. कायदा अजून लटकलेलाच होता. शर्वाणीनं गावोगावच्या कॅसेटी परत काढल्या, पण आता लेबल वाचायच्या आधी ती त्या गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन बसे. त्या दिवशी जेवायला काय होतं? कुणाचं लग्न होतं? झाडाला काय लागलं होतं? प्रयोगशाळेतली पोरं या तपासणीला पन्हं म्हणत. “या कॅसेटीचं पन्हं झालं का?” असं विचारत.

आणि फोन थांबले. आठवड्याभरात लोकांनी घंटा बदलल्या. अण्णा चार दिवस स्टँडवर जाऊन बसले. केळीवाल्याचा फोन वाजला, त्यातून कसलंसं नाचगाणं आलं. पाचव्या दिवशी ते गेले नाहीत.

अक्षय तृतीयेनंतरच्या एका दुपारी शर्वाणी दारात उभी राहिली. “अण्णा, पेटी घ्या.”

अण्णा चमकले. हे शब्द त्यांनी या दारातून एकदा ऐकले होते.

“आत्ता? एवढ्या उन्हात?”

“त्या कॅसेटीची खरी तिथी आता आपल्याला माहीत आहे. वैशाख, दुपार, रिकामा मंडप. तीच वेळ, तोच मंडप, तीच पेटी. फक्त एकदा वाजवा.” ती घुटमळली. “याच्यावरून काही सिद्ध होणार नाही हं. एक दुपार म्हणजे नुसती एक दुपार. दुसरी म्हणजेही तेवढीच. हे मी अहवालात घालणार नाही. मला आपलं वाटलं.”

मारुतीनं पेटी उचलली. मंडपात शिरताच दगडाची धग तोंडावर आली. अण्णा आपल्या जागी बसले, गादीच्या डाव्या अंगाला. पेटीचा भाता ओढला आणि सूर दिला. मारुतीनं तीनदा झांज वाजवली. मंडप घुमला आणि हळूहळू निवाला.

शर्वाणीनं यंत्राकडे पाहिलं. “अडतीस पूर्णांक सहा.”

मारुतीनं झांजा सतरंजीवर ठेवल्या.

“हे पण आणलंय,” ती म्हणाली. “तुमची कॅसेट. पहिल्यासारखी. मी काढलेलं सगळं परत ठेवलंय.”

तिनं लावली. खरखर आली, घरघर आली. आणि दूर कुठंतरी, देवळामागच्या आंब्यावर, कोकीळ. बाईंचं आख्यान संपत आलं होतं. झांजा थांबल्या. मग बाईंचा आवाज, दमलेला, “कुणी आलंच नाही हो ऐकायला.”

आणि एका उमेदीतल्या पुरुषाचा, जो अण्णांना ओळखूच आला नाही, “मी आहे की.”

“तुम्ही आहातच. म्हणून तर म्हटलं.” उसासा. “अहो, काय हे उकडतंय! चला घरी. सकाळीच कैऱ्या उकडून ठेवल्यात...”

टेप खट्‌कन थांबला.

“चौतीस होतं तेव्हा,” अण्णा म्हणाले. “आणि ती म्हणाली, उकडतंय.” त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “पोरी, तुझं यंत्र त्या दुपारपर्यंत पोचतं. माणसाला पोचवायची काही सोय आहे का गं?”

शर्वाणीनं नकारार्थी मान हलवली.

मारुती म्हणाला, “अण्णा, चला. ऊन लागंल.”

“थांब जरा.”

अण्णांनी पेटी परत पुढं ओढली. बाई उन्हाळ्यात जिथून लावत तो, नेहमीपेक्षा किंचित खालचा सूर त्यांनी शोधला, आणि गादी मोकळी ठेवून तो नुसता धरून राहिले.